एत्येचा डावा हात

देब्रे बिरहानला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी गल्लीतल्या बायकांना तोंडावर सांगून टाकलं, की आम्ही इथे पगार घ्यायला आलोय, मरायला नाही. त्या बिचाऱ्या इदिरचं विचारायला आल्या होत्या. गल्लीत कुणी गेलं की मांडव घालायचा, मोठाली पातेली आणायची, तीन दिवस त्या घरी बसून राहायचं, हे सगळं बघणारं मंडळ ते. त्यांच्या पुढारी एमामा येशिमेबेत. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सुती शालीत, नेटेलात गुंडाळलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नेटेला सावरला आणि म्हणाल्या, "ते काय आपल्या हातात असतं, पोरी?" आणि निघाल्या. कॉफीलाही थांबल्या नाहीत. मी तरी कुठे थांबवलं?

माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे. मी दिरेदावाची. आमच्याकडे सगळे सगळ्यांना अरे-तुरे करतात, न्यायाधीशापासून गाढवावाल्यापर्यंत. दारं उघडी, अंगणात खाटा, कुणीही यावं, बसावं, शिव्या द्याव्यात आणि जेवून जावं. आणि इथे? नवऱ्याला अहो-जाहो, शेजारणीला तीनदा वाकून नमस्कार, आवाज असा की तोंडाशी कान लावावा. मी गल्लीतून नवऱ्याला "ए गेटू, मीठ आण रे" म्हणून ओरडले की चार खिडक्या उघडायच्या. त्यात थंडी मेली अशी, की सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असायची. मी ठरवूनच टाकलं, हवाही गार आणि माणसंही गार. कुणाच्या घरी गेले नाही, कुणाच्या मयताला गेले नाही.

आणि गंमत बघा, इथे यायचं खूळ माझंच होतं.

गेटू दिरेला जुन्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. कारखाना नावाला उरलेला, कामापेक्षा पत्ते जास्त. त्याच्या मित्राने सांगितलं की देब्रे बिरहानला कापडाची नवी गिरणी निघालीय, बॉयलरवर माणूस हवाय, पगार दुप्पट. माझ्या डोक्यात ते जे शिरलं ते निघेना. अख्खं वर्ष मी त्याच्या मागे भुणभुण लावली. तो हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही. शेवटी एकच बोलायचा, "एत्येचं काय?"

एत्ये म्हणजे त्याची थोरली बहीण, वर्कनेश. आई गेली तेव्हा गेटू चार वर्षांचा आणि ती एकोणीसची. तिने लग्न केलं नाही. दिरेच्या केझिरा पेठेत, स्टेशनच्या कोपऱ्यावर कढई मांडली आणि सांबुसे तळून त्याला वाढवलं. मी सून म्हणून त्या घरात गेले तेव्हा मला वाटलं होतं, आता ही मला छळणार. तिने पहिल्या दिवशी माझ्या हातात लाटणं दिलं आणि म्हणाली, "अस्कू, माझा भाऊ बोलत नाही, तू बोल. घरात कुणीतरी बोलायला हवं." तेव्हापासून आमची जोडी जमली ती जमलीच.

ईस्टरनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. एत्येने गेटूला बर्फ आणायला पिटाळलं आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली. झगा खाली केला आणि माझा हात धरून आपल्या उजव्या काखेशी नेला. तिथे गाठ होती. लिंबाएवढी, दगडासारखी. तिने शांतपणे सांगितलं की डॉक्टरला दाखवून झालंय, तो म्हणाला राजधानीला, अदिसला जाऊन कापून घ्या, आणि तिला काही कापून घ्यायचं नाही. मग म्हणाली, "गेटूला कळता कामा नये. कळलं तर तो हलणार नाही, आणि तो इथेच पत्ते कुटत म्हातारा होईल. कुलुबीच्या गाब्रिएल देवदूताची शपथ घे."

मी घेतली. शपथ घेताना मी रडत होते, हे खरं आहे. आणि रडता रडता मनात कुणीतरी हळूच म्हणत होतं, बरं झालं, आता याचं जायचं अडणार नाही. तेही खरं आहे. मी शब्द पाळला, कारण तो पाळणं माझ्या सोयीचं होतं. एखादीने भांडून, ओरडून, गेटूच्या कानावर घालून तिला अदिसला ओढत नेलं असतं. एरवी माझं तोंड कधी बंद असतं का? तेवढ्यापुरतं ते बरोबर बंद राहिलं.

पावसाळा संपला, सप्टेंबरात आमचं नवं वर्ष झालं आणि आम्ही निघालो. बसच्या खिडकीशी एत्ये उभी होती. सांबुशांचा डबा तिने आधीच माझ्या मांडीवर ठेवला होता. बस हलली तशी तिने हात वर केला. डावा. आमच्यात डाव्या हाताने कुणी कुणाला निरोप देत नाही. गेटू वळून वळून बघत होता. त्याने मला विचारलं, "एत्येने डावा हात का केला गं?"

"उजव्या हातात पिशवी असेल," मी म्हणाले आणि डबा उघडून त्याला सांबुसा दिला.

त्याने खाल्ला. पुन्हा विचारलं नाही.

डिसेंबरात कुलुबीच्या जत्रेला जायचं आणि तसंच एत्येकडे उतरायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. मी मोडता घातला. नवी नोकरी, रजा मागितली तर साहेब काय म्हणेल, पुढच्या वर्षी जाऊ, असं काय काय बोलले. खरं कारण एवढंच, की एत्ये आता वाळली असणार आणि त्याला दिसणार. फोनवर ती त्याच्याशी हसून बोलायची. फोन माझ्याकडे आला की दम लागलेला कळायचा. मी "औषध घेतेस ना" विचारायचे, ती "हो" म्हणायची, आणि आम्ही दोघी खोटं बोलून फोन ठेवायचो.

जानेवारीत, एका गुरुवारी दुपारी, मोमिनाचा फोन आला. मोमिना एत्येची शेजारीण, तिच्या कढईशेजारीच कॉफी विकणारी. हुंदके देत म्हणाली, "आपली वर्के गेली गं, सकाळी गेली."

फोन माझ्याकडे आला यात नवल नव्हतं. रक्ताच्या माणसाला असं फोनवर सांगत नाहीत. त्याला काही कळू द्यायचं नाही, आणि मग पहाटे, तो घरात असताना, चार वडीलधारी माणसं, शेजारीपाजारी गोळा होऊन दारात जायचं आणि तोंडाने सांगायचं. म्हणजे तो कोसळला तर धरायला हात असतात. मोमिना मुसलमान, पण आमच्या रीती तिला माझ्याहून पाठ. म्हणाली, "त्याला नीट माणसं जमवून सांग. उद्या दुपारपर्यंत आम्ही मातीसाठी थांबतो. आज संध्याकाळी सांगितलंस आणि गाडी केलीत तर सकाळपर्यंत पोचाल."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "नका थांबू. इथे आमचं कुणी नाही, इतक्या घाईने कसं सांगणार? तुम्ही उरकून घ्या." मोमिना म्हणाली, "तरी उद्या दुपारपर्यंत थांबतोच."

पुढे रीतीचं नाव होतं, मागे माझी भीती होती. गेटू मातीला गेला असता तर तिथल्या पन्नास बायकांपैकी एकीने तरी तोंड उघडलं असतं, की किती महिने भोगलं बिचारीने, आणि अस्कूला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. मला ते नको होतं. बारा तासांच्या अंतरावर तो राहिला तर ते कधीच कळणार नव्हतं. मी इतका हिशेबी विचार केला, एत्येचं अंग अजून नीट गार व्हायच्या आत. मला माझीच किळस आली, तरी मी संध्याकाळी शिरोचं पिठलं रटरटवलं, इंजेराची भाकरी वाढली आणि गेटूला विचारलं, "आज बॉयलर कसा चालला?"

शुक्रवारी मी घड्याळ बघत बसले. दुपार झाली तशी उठून उभी राहिले, का ते मलाच कळेना. तिकडे आता तिला खाली उतरवत असतील. ज्याला तिने कडेवर वाढवलं, तो गिरणीत तेलाच्या हातांनी जेवणाचा डबा उघडत असेल, आणि हे मी केलं होतं. मग मात्र मला घरात बसवेना. मी नेटेला ओढला आणि एमामा येशिमेबेत यांच्या दारात जाऊन उभी राहिले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

त्या कॉफी भाजत होत्या. बस म्हणाल्या. कशाला आलीस ते विचारलं नाही. बिया तडतडून काळ्या झाल्या, कुटून झाल्या, पहिला पेला माझ्या हातात आला, तरी विचारेनात. शेवटी मीच सांगितलं, की नवऱ्याची बहीण गेली, आईसारखी, त्याला सांगायला माणसं हवीत, आणि मला इथे कुणी ओळखत नाही. मी तुम्हाला त्या दिवशी वाटेल ते बोलले, त्याची माफी असावी, असंही म्हणाले. दिरेच्या बाईला 'असावी' म्हणायला किती कष्ट पडतात ते माझं मला ठाऊक.

"इदिरमध्ये नसलात तर मांडव मिळणार नाही, तो नियम आहे," एमामा म्हणाल्या. "पण मरणाची खबर द्यायला नियम लागत नाही. उद्या पहाटे येऊ. कधी गेल्या त्या?"

"काल सकाळी."

"आणि माती?"

"आज. आत्ता झाली असेल."

त्यांनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "माझा भाचा मिनीबस चालवतो. काल आली असतीस तर दोन घरं फिरून मी माणसं जमवली असती, संध्याकाळीच सांगितलं असतं आणि त्याच गाडीत बसवून दिलं असतं. काल का नाही आलीस?"

मी मान खाली घातली. आणि मी सगळं सांगितलं. गाठ, शपथ, बस, कुलुबीची जत्रा, मोमिनाला दिलेलं उत्तर. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या हळू आवाजात बोलले असेन. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझा पेला पुन्हा भरला.

"मरणाचं आम्ही सांगू," त्या म्हणाल्या. "आजाराचं तुला सांगावं लागेल. ते दुसऱ्या कुणाचं काम नाही."

संध्याकाळी गेटू आला तो गप्पच होता. तसा तो नेहमीच गप्प, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. हात धुताना त्याने विचारलं, "कुणी आलं होतं का?"

"आपल्याकडे कोण येणार?" मी म्हणाले.

तो थोडंसं जेवला, बाकीचं ताटात सारून ठेवलं. झोपायच्या आधी पुन्हा विचारलं, "कुणीच नाही आलं?" मी नाही म्हणाले, आणि पाठ फिरवून पडले. सांगायचं तर तेव्हाच सांगता आलं असतं. धीर झाला नाही.

पहाटे दार वाजलं तशी मी अंथरुणात उठून बसले. गेटू शेजारी नव्हता. बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला. तो बूट घालून, खांद्यावर गाबीची जाड घोंगडी घेऊन उभा होता. घरातले सगळे स्टूल, खुर्च्या, दोन उलटी खोकीसुद्धा त्याने भिंतीला लावून ठेवली होती. मी काही विचारायच्या आत त्याने दार उघडलं.

धुक्यात अठरा-वीस माणसं उभी होती. पुढे आतो देम्से, निवृत्त मास्तर, काठी टेकत. बाजूला एमामा. मागे त्याच बायका ज्यांना मी मरायला आलो नाही म्हणून हाकललं होतं. सगळ्यांनी नेटेलाची किनार गळ्याशी वर घेतलेली, मयताला घेतात तशी. आतो देम्से यांनी विचारलं, "पोरा, तुझं मन घट्ट आहे का?" आणि मग सांगितलं. साध्या तीन वाक्यांत, तिचं नाव घेऊन. जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

गेटू गुडघ्यांवर बसला आणि ओरडला. पंचवीस वर्षांच्या संसारात तो आवाज मी ऐकला नव्हता. दोघांनी त्याला दंडांना धरलं. बायकांनी सूर धरला आणि माझी ती गार माणसं माझ्या नणंदेसाठी अशी रडली, जशी त्यांचीच कुणी गेली होती.

उजाडल्यावर सगळे बसले. कुणीतरी उकडलेले गहू आणि वाटाण्यांची टोपली आणली, कुणी कॉफी. माझ्या घरात मला काही हलवू देईनात. गेटू मधोमध बसला होता, डोळे सुजलेले. मग तो बोलायला लागला. माझा न बोलणारा नवरा.

म्हणाला, त्याला काल दुपारीच कळलं होतं. रेल्वेतल्या जुन्या दोस्ताला वाटलं, याला सांगून झालंय. त्याने कबरीवरून परतताना फोन केला, मन घट्ट कर म्हणाला. "मी यंत्राशी उभा होतो. रडू आलं, पण रडायचं कुठे? अजून मला कुणी रीतीने सांगितलं नव्हतं. घरी आलो, वाट बघत बसलो. मला वाटलं, या गावात आपल्या दारात कोण येणार? कुणीच आलं नाही तर माझी एत्ये न रडताच जाईल." त्याने नाक पुसलं. "पण माझ्या बायकोने बघा. चार माणसं ओळखीची नाहीत, लोकांशी पटत नाही, तरी दारोदार फिरून तिने तुम्हाला आणलं. तिकडे दुपारपर्यंत थांबले होते म्हणे माझ्यासाठी. तिला वेळ लागला, लागणारच. तिने रीत सोडली नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना हलवल्या. एका बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला चटका बसल्यासारखा लागला.

"एका गोष्टीचं समाधान आहे," गेटू म्हणाला. "झटकन गेली. दुखलं-खुपलं असतं तर मला सांगितलं असतं. आणि मी तिला टाकून आलोच नसतो."

समोरून एमामा माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत राग नव्हता, घाईही नव्हती. मला कळलं, की आज मी गप्प राहिले तर त्याही गप्पच राहतील, आणि या गल्लीत मला रोज त्यांच्या समोरून जावं लागेल. आणि रोज याच्या समोर ताट ठेवावं लागेल.

"गेटू," मी म्हणाले. "झटकन नाही गेली. तिला गाठ होती. उजव्या काखेत. ईस्टरनंतर तिने मला दाखवली. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. पण शपथेचं सोड. मला इकडे यायचं होतं म्हणून मी सांगितलं नाही. आणि परवा मोमिना थांबते म्हणत होती, मीच नको म्हणाले. तिथे गेलास तर तुला कळेल म्हणून."

आतो देम्से यांनी काठीवरची हनुवटी उचलली आणि पुन्हा टेकवली. मी वाट बघत होते, की हा उठेल, मला मारेल, घराबाहेर काढेल. काय वाटेल ते करू दे, मी मनात म्हणत होते, माझं काही म्हणणं नाही.

गेटू खाली बघत होता. हातातले उकडलेले गहू त्याने एकेक करून टोपलीत परत टाकले. मग तो बोलला, इतक्या हळू की बायका पुढे झुकल्या. त्यांना त्यातलं काही कळलं नसणार. मला कळलं.

"तिच्या उजव्या हातात पिशवी नव्हती," तो म्हणाला. "मी बघितलं होतं."